फोन करता येत नाही, मग मदत मागायची कशी? (ऑटिझम, तीव्र अँग्झायटी – ठाणे, नवी मुंबई)

जांभूळपान | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकीच्या विभागात पडलं असेल तर कृपया हलवा.

मी ३२ वर्षांची. कोपरीत आईबरोबर राहते, ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. दोन वर्षांपूर्वी मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट शाळेपासूनच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. पण गेल्या चार महिन्यांत अँग्झायटी इतकी वाढलीय की आता एकटीने निभावत नाही. ऑफिसने ठरलेल्या जागा बंद केल्या. रोज सकाळी ॲपवर जी खुर्ची मिळेल तिथे बसायचं. कधी एसीच्या थेट झोताखाली, कधी पॅन्ट्रीच्या दाराशी. तेव्हापासून हे सुरू झालं.

मागच्या बुधवारचं सांगते. ठाण्याला दहा नंबरवर उभी होते. रोज वाशी गाडी घेते. त्या दिवशी इंडिकेटरवर पनवेल लागलं. पनवेल गाडीही ऐरोलीला थांबते, मला सगळी स्टेशनं क्रमाने पाठ आहेत. तरी पाय उचलेना. हात गार, पाठीवर घाम, आणि आजूबाजूचे सगळे आवाज एकाच उंचीचे झाले. घोषणा, चपला, कुणाच्या तरी डब्याचं झाकण, सगळं सारखंच मोठं. तीन गाड्या सोडल्या. मग घरी परत. आई काय झालं, काय झालं विचारत होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मोबाइलवर टाइप करून दाखवलं, ‘बोलता येत नाहीये. दिवा बंद कर.’ सव्वा तासाने आवाज आला.

एका दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी विचारलं, ‘कसं वाटतंय?’ मी म्हणाले, ठीक. कारण त्या मिनिटाला ठीक होतं. मग ते म्हणाले, तुम्ही तर छान बोलता, नोकरी करता, ऑटिझम लहान मुलांत असतो. श्वासावर लक्ष द्या. मी श्वासावर लक्ष दिलं की मला छातीचे ठोकेच ऐकू येतात आणि आणखी घाबरायला होतं. हे सांगायचं राहून गेलं.

तर विचारायचं असं, की ठाणे-नवी मुंबईत प्रौढ ऑटिस्टिक माणसाची अँग्झायटी समजून घेणारं कुणी आहे का? आणि जिथे तिथे ‘अपॉइंटमेंटसाठी फोन करा’ लिहिलेलं असतं, ते मला जमत नाही. नंबर लावून पाच पाच मिनिटं हिरव्या बटणाकडे बघत बसते. तुमच्यापैकी कुणी यातून वाट काढली असेल तर सांगा.

घोडबंदरकर | मंगळवार, सकाळी ७:१०

वाचतोय. तीन गाड्या सोडल्या इथे थांबून परत पहिल्यापासून वाचलं.

वसंत_नौपाडा | मंगळवार, सकाळी ८:३५

अगं, वयाने मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. माझ्या मते विचार फार होतात तुझ्या पिढीला. पनवेल गाडी तर पनवेल गाडी, बसायचं आणि उतरायचं. जितकं टाळशील तितकं वाढेल. पहाटे तलावपाळीला दोन फेऱ्या मार, रात्री मोबाइल लांब ठेव, नामस्मरण कर. हल्ली प्रत्येक स्वभावाला आजाराचं नाव देतात, त्याने माणूस आणखी खचतो. औषधांच्या नादी तर मुळीच लागू नकोस.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ९:२०

वसंतकाका, तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळतंय, तरी स्पष्ट लिहितो. मीही ऑटिस्टिक आहे, वय ४१, नेरूळ. निदान ३७ व्या वर्षी.

तिच्या डोक्यात ‘गाडीत बसले तर वाईट होईल’ असा विचार नव्हता. तिला गाडी बरोबर आहे हे माहीत होतं, तसं तिने लिहिलंयही. माझंही असंच होतं. आमचा दिवस ठरलेल्या गोष्टींवर उभा असतो. तीच जागा, तीच गाडी, तोच डबा. त्या गोष्टी हौसेच्या नसतात. बाकीचा गोंगाट, उजेड, माणसांचे चेहरे हे सगळं पेलण्यासाठी डोक्यात जेवढी जागा लागते ती त्या ठरलेपणामुळे रिकामी राहते. खुर्ची रोज बदलली की ती जागा सकाळी दहालाच भरते. मग पनवेल हे एक अक्षरही जास्त होतं. चार महिन्यांची खुर्ची बाजूला ठेवून बुधवारची गाडी कळणार नाही.

आणि हे विरळ नाही. २०११ साली ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला होता. त्यात ऑटिस्टिक मुलं आणि किशोरवयीनांपैकी सुमारे ४० टक्क्यांना निदान करण्याइतकी अँग्झायटी आढळली. ऑटिझम स्वभाव म्हणा हवं तर, मी भांडणार नाही. पण अँग्झायटी त्याच्यावर बसलेला वेगळा त्रास आहे आणि त्याला उपचार आहे.

जांभूळपान, ‘कसं वाटतंय’ला ‘ठीक’ म्हणण्याबद्दल. मीही अकरा वर्षं वेगवेगळ्या डॉक्टरांना ‘ठीक’ म्हणत आलो. भावना ओळखून तिला नाव देणं ज्यांना जमत नाही त्यासाठी अलेक्सिथायमिया हा शब्द आहे, १९७० च्या दशकात पीटर सिफनिऑस या मानसोपचारतज्ज्ञाने रुळवलेला. ऑटिस्टिक लोकांत हे बऱ्याच जणांना असतं. दगड असतो असं नाही. आत सगळं चालू असतं, फक्त पाटी लावलेली नसते.

नीरजा_वाशी | मंगळवार, सकाळी १०:०५

पाटी लावलेली नसते. हे आज माझ्या लेकाला वाचून दाखवणार आहे.

सुखदा_समुपदेशक | मंगळवार, दुपारी २:४०

ठाण्यात समुपदेशक म्हणून काम करते. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण थोडं सांगते.

आधी त्या श्वासाचं. श्वासावर लक्ष दिल्यावर घाबरायला होणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत, तुमचं काही चुकलं नाही. त्यांच्याबरोबर मी लक्ष शरीराच्या बाहेर नेते. हातात गार स्टीलचा पेला, मांडीवर जड गोधडी, भिंतीला तळहात लावून जोरात ढकलणं. खोलवरचा, सारखा दाब बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना शांत करतो. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन यांनी तरुणपणी स्वतःसाठी असा दाब देणारं यंत्रच बनवलं होतं. आणि पुढे त्यांनी अँग्झायटीसाठी औषधही घेतलं, हे त्या उघडपणे सांगत आल्या आहेत. वसंतकाका, एवढ्यासाठीच उल्लेख केला.

दुसरं, उपचाराची पद्धत बदलून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ सालची आहेत. त्यात स्वच्छ लिहिलंय की सीबीटीसारखा (विचार आणि वागणुकीवर बोलून काम करणारा) उपचार करताना जास्त मजकूर लेखी द्या, बोलणं थेट आणि मूर्त ठेवा, अलंकारिक भाषा टाळा, मध्ये विश्रांती द्या, व्यक्तीच्या आवडीचा विषय वापरा, तिला हवं असेल तर घरचं माणूस सोबत घ्या. नव्या डॉक्टरकडे हे मागायला संकोच करू नका.

औषध घ्यायचं की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. त्यांना ऑटिझमचं निदान आधी सांगा, कारण अशा वेळी बरेच डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवतात. पहिल्या दोन आठवड्यांत अस्वस्थता थोडी वाढू शकते, त्याची कल्पना आधीच मागून घ्या. मनाने बंद मात्र कधीच करू नका.

कुठे जायचं? ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे, तिथे मानसोपचार आणि समुपदेशन दोन्ही एकाच छताखाली मिळतं. प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. टेली-मानस १४४१६ चोवीस तास, मोफत, मराठीतही. आयपीएचमध्ये किंवा कुठेही पहिल्याच भेटीत ‘प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तीबरोबर काम केलंय का’ हे विचारा. नाही म्हणाले आणि शिकायची तयारी दिसली, तरी चालतं.

एक गोष्ट थेट विचारते. जगणं नको असं मनात येतं का? येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आईला सांगा आणि सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ऑटिस्टिक प्रौढांत हा धोका जास्त असतो आणि चेहऱ्यावरून तो दिसत नाही, म्हणून विचारलं.

जांभूळपान | मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. सुखदाताई, थेट विचारलंत ते बरं झालं. नाही, तसं येत नाही. ‘हे सगळं थोडा वेळ थांबावं’ असं येतं. ते वेगळं आहे ना?

१४४१६ चांगलं आहे, पण तोही फोनच.

सुखदा_समुपदेशक | मंगळवार, रात्री ९:३२

वेगळं आहे. पण त्यात बदल झाला तर आईला कळलं पाहिजे, म्हणून बरं असतानाच दोघींचा एखादा साधा शब्द ठरवून ठेवा.

फोनचं तुमचं बरोबर आहे, माझ्या ध्यानातच आलं नाही. देवनारच्या टिसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची) आयकॉल ही सेवा ई-मेल आणि चॅटवरूनही समुपदेशन करते. आणि अपॉइंटमेंटचा फोन आईने केला तर काही बिघडत नाही. मदत घेऊन मदत मागितली तरी ती तुम्हीच मागितलेली असते.

वसंत_नौपाडा | बुधवार, सकाळी ८:५०

सगळं वाचलं. औषधाबद्दल माझं मत एकदम बदलणार नाही. पण मनोरुग्णालयाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी जन्माचा ठाणेकर. १९०१ सालची ती संस्था. अख्ख्या महाराष्ट्रात कुणी वेड्यासारखं वागलं की ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात. नातेवाइकांत मीही म्हटलंय. आमच्या भावकीतला एक मुलगा होता, पाहुणे आले की पलंगाखाली जाऊन बसायचा, नंतर नंतर बोलेनासा झाला. आम्ही हसायचो. त्याला कुठेच दाखवलं नाही, कारण दाखवायचं म्हणजे तिथेच, आणि तिथे गेलेलं कुणी पाहिलं तर? आज तो पन्नाशीचा आहे, घराबाहेर पडत नाही. काल रात्री त्याचीच आठवण येत होती.

मला एवढं सांगा, की ती बोलेनाशी होते तेव्हा घरच्यांनी नेमकं करायचं काय? आम्ही त्याला गदागदा हलवून ‘बोल, बोल’ करायचो.

खाडीकाठ | बुधवार, सकाळी ९:४०

काका, हे विचारलंत, खूप बरं वाटलं. माझी बायको काय करते ते सांगतो.

ती प्रश्न विचारणं थांबवते. ‘काय झालं’ हा सगळ्यात जड प्रश्न असतो, त्याचं उत्तर माझ्याकडेही नसतं. ट्यूबलाइट बंद करते, पंखा राहू देते कारण त्याचा आवाज सलग असतो. पाण्याची बाटली हाताला लागेल अशी ठेवते. मग त्याच खोलीत थोड्या अंतरावर तिचं काहीतरी काम करत बसते, निवडणं-टिपणं असलं. माझ्याकडे बघत नाही. हात धरत नाही, कारण तेव्हा हलका स्पर्श मला ओरखड्यासारखा लागतो. काही विचारायचंच असेल तर हो-नाहीत उत्तर देता येईल असं एकच, आणि मग गप्प. सुरुवातीला तिला वाटायचं मी तिच्यावर रुसलोय. एकदा शांतपणी बसून दोघांनी हे सगळं कागदावर लिहिलं. तो कागद फ्रिजवर आहे.

तुमच्या त्या भावाला आता पन्नाशीतही दाखवता येईल. माझं निदान ३७ ला झालं.

नीरजा_वाशी | बुधवार, सकाळी ११:२०

माझा मुलगा १४ वर्षांचा, ऑटिस्टिक. लहानपणी वाशीला महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्राचा फार आधार मिळाला. पण अठरानंतर पुढे काय, हा प्रश्न आम्हा सगळ्या आयांच्या उशाशी असतो. म्हणून हा धागा अधाशासारखी वाचतेय.

अवांतर: ऑगस्ट आला की आमच्या घरी धास्ती असते. गेल्या दहीहंडीला चौकातल्या स्पीकरने खिडकीची काच थरथरत होती. लेक बाथरूममध्ये बादली उलटी घालून तिच्यावर बसला, कानावर हेडफोन, वर उशी. नंतर म्हणाला, ‘आई, आवाज माझ्या हाडांत शिरला होता, मी हाडं धरून बसलो होतो.’ मी आता त्या दिवशी सकाळीच त्याला घेऊन माहेरी अलिबागला जाते.

गोविंदा_कोलबाड | बुधवार, दुपारी १२:०५

ताई, मी स्वतः पथकात चौथ्या थरावर असतो. सण वर्षातून एकदा येतो, त्यावरही बंदी घालायची का?

नीरजा_वाशी | बुधवार, दुपारी १२:२०

बंदी कुठे म्हटलं दादा? थर बघायला त्यालाही आवडतात. टीव्हीवर आवाज बंद करून सगळे थर मोजतो. फक्त स्पीकर.

गोविंदा_कोलबाड | बुधवार, दुपारी १:१०

आवाज बंद करून थर मोजतो हे वाचून कसंतरीच झालं. आमच्या सरावाला डीजे नसतो, नुसत्या शिट्ट्या. यंदा सराव सुरू झाला की घेऊन या त्याला, मैदानाच्या कडेला बसा. शिट्टीही चालत नसेल तर हाताच्या खुणेने करू, आम्हाला सवय आहे.

शब्दवेल्हाळ | बुधवार, दुपारी ३:३०

सगळे ऑटिझम लिहिताहेत. मराठीत ‘स्वमग्नता’ हा चांगला शब्द असताना तो का नको?

खाडीकाठ | बुधवार, दुपारी ४:१५

शब्द चुकीचा आहे असं म्हणता येत नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ‘ऑटिझम’ ग्रीक ‘ऑटॉस’ म्हणजे ‘स्वतः’ यावरूनच केला होता. पण मराठीत स्वमग्न म्हटलं की दुसऱ्याची पर्वा नसलेला, आपल्यातच रमलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मी तर खोलीतल्या प्रत्येकाचा आवाज, वास, खुर्चीची करकर एकाच वेळी झेलत असतो. स्वतःत रमायला मिळालं असतं तर बरं झालं असतं! सरकारी कागदांवर, शाळेत स्वमग्नता चालतं, मला त्याचा राग नाही.

सुखदा_समुपदेशक | बुधवार, संध्याकाळी ५:००

शब्दांवरून सुचलं. जांभूळपान, तुम्हाला ‘चिंता वाटते का’चं उत्तर देता येत नसेल, पण आपल्या भाषेत भीतीला शरीराचे केवढे शब्द आहेत बघा. पोटात गोळा येणं, हातपाय गळणं, छातीत धस्स होणं, घशाला कोरड, जीव कासावीस, डोकं सुन्न. भावनेचं नाव सापडत नसेल तर अवयवापासून सुरुवात करा. कुठला अवयव, काय झालं, किती वेळ. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला ‘भीती’ शब्द काही सांगत नव्हता, पण ‘तळहात ओले’ हे तो मिनिटाच्या हिशेबाने सांगायचा. आम्ही चार महिने तळहातांवरच काम केलं.

जांभूळपान | बुधवार, रात्री १०:४०

पोटात गोळा म्हणजे खरंच काहीतरी गाठ येते असं मी सातवीपर्यंत समजत होते, आणि मला येत नाही म्हणून मी घाबरत नाही असंही. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

तुमचं वाचून बुधवारचं परत लिहून काढलं, अवयवांनी. पानभर झालं. ‘ठीक’च्या जागी पानभर.

मिडक_महापे | गुरुवार, सकाळी ९:१०

ऑफिसचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी महापेला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हताच. नव्या कायद्यानुसार आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. ते मागून वाचा. ठरलेली खुर्ची ही अगदी लहान मागणी आहे, कंपनीला एक पैसा लागत नाही.

मेडिक्लेमचंही बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायला सांगितलंय. आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, त्यात थेरपीही येते. प्रौढांनाही मिळते.

अनामिक_घणसोली | गुरुवार, सकाळी ११:४५

मिडकताई, कागदावर सगळं छान आहे. मी आधीच्या नोकरीत सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मॅनेजर माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलायला लागले, आणि क्लायंट कॉलमधून नाव गेलं. सहा महिन्यांत मी सोडलं. आता कुठेच सांगत नाही. जांभूळपान, आधी नाव न घेता मागून बघा. ‘एसीच्या झोताखाली डोकं दुखतं, कोपऱ्यातली ठरलेली जागा मिळाली तर काम नीट होतं’, एवढंच. तेही खोटं नाही.

मिडक_महापे | गुरुवार, दुपारी १२:३०

तुमच्या बाबतीत झालं ते अन्यायाचं होतं. आमच्या खात्यातली मंडळी असं वागतात हे मान्य करते. नाव सांगायचं की नाही हे सर्वस्वी जांभूळपान ठरवतील. मागणी मात्र ई-मेलवर करा, तोंडी नको.

जांभूळपान | (तीन आठवड्यांनी) शनिवार, संध्याकाळी ६:२०

उशिरा लिहितेय, रोज एकच काम जमत होतं.

खुर्चीचा मेल पाठवला, ऑटिझमचं नाव न घेता. चार ओळी लिहायला दोन रात्री गेल्या. कोपऱ्यातली जागा तीन महिन्यांसाठी मिळाली, पुढचं नंतर बघू म्हणाले.

आईने फोन करून मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. सकाळची पहिली मागितली, म्हणजे वाट बघणारी माणसं कमी. आत गेल्यावर मी काही न बोलता पान पुढे केलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि सगळं पान वाचलं. मध्ये एकदाही वर पाहिलं नाही. मी समोरच्या कॅलेंडरवरचे रविवार मोजत होते. मग त्यांनी विचारलं, ‘हात गार पडतात ते आधी, की आवाज मोठे होतात ते आधी?’ असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. आवाज आधी. नेहमी आवाज आधी. मला उत्तर माहीत होतं आणि मी ते मोठ्याने बोलले.

औषध अगदी कमी मात्रेत सुरू झालंय. पहिला आठवडा खरंच वाईट गेला, पण आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. समुपदेशन पंधरा दिवसांतून एकदा, शेवटी त्या सगळं लिहून देतात. पनवेल गाडीत अजून बसलेली नाही. सध्या दहा नंबरवर उभं राहून पनवेल गाडी फक्त जाऊ द्यायची, इअरप्लग घालून, एवढाच अभ्यास आहे.

वसंत_नौपाडा | शनिवार, रात्री ८:०५

शाब्बास पोरी. मी माझ्या त्या भावाकडे जाऊन आलो. काही विचारलं नाही. त्याच्या खोलीत पेपर वाचत बसलो दीड तास. निघताना त्याने दारापर्यंत येऊन कडी लावली. एरवी येत नाही.

अनामिक_घणसोली | शनिवार, रात्री ८:४०

जांभूळपान, ते पान इथे टाकता येईल का? खासगी असेल तर नको.

जांभूळपान | शनिवार, रात्री ९:३०

टाकते. बुधवारचा भाग काढलाय, बाकी तसंच. आपापलं बदलून घ्या.

‘मी ऑटिस्टिक आहे. निदानाचा कागद मागे जोडला आहे. मी नीट बोलते, तरी कसं वाटतंय याचं उत्तर मला पटकन देता येत नाही. ‘ठीक’ म्हणाले तर त्याचा अर्थ ‘अजून शोधते आहे’ असा घ्या. डोळ्यांत बघितलं नाही तरी मी ऐकत असते. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि थांबा. आवाज मोठे होतात, मग हात गार पडतात, मग पाय उचलत नाहीत, मग बोलणं जातं. हे चार महिन्यांत एकोणीस वेळा झालं, तारखा खाली आहेत. श्वासाच्या व्यायामाने माझं वाढतं. जड गोधडीने कमी होतं. औषधाबद्दल जे सांगाल ते लिहून द्या. पुढच्या भेटीची तारीख आजच सांगा. ती बदलणार असेल तर मेसेज करा, फोन नको.’

अनामिक_घणसोली | शनिवार, रात्री ९:५२

उतरवून घेतलं. श्वासाच्या जागी माझं ‘डोळे मिटायला सांगू नका’ असं घातलंय. बायको सोमवारी फोन करणार आहे.